उतारावरची बचत

"उतारावर इंजिन चालू होतं की बंद?" चौकशीला आलेल्या साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"बंद होतं," खाटेवरचा ड्रायव्हर म्हणाला. उंचीला असा, की सगळा डेपो त्याला लंबूच म्हणायचा. दवाखान्याची खाट त्याला पुरत नव्हती, म्हणून प्लास्टरमधला उजवा पाय स्टुलावर टेकवला होता. "मीच बंद केलं. डिझेल वाचावं म्हणून."

"हे असलं शहाणपण कुणी शिकवलं तुला?"

लंबूने खिडकीकडे पाहिलं. उशाशी उभ्या असलेल्या मास्तरांकडे मात्र पाहिलं नाही.

"कुणी नाही, साहेब. माझं मलाच सुचलं."

साहेबांनी तसं लिहून घेतलं, खाली सही घेतली आणि ते निघून गेले. मास्तर हूं की चूं न करता उभे होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बस डेपोतले ते सर्वांत जुने ड्रायव्हर. डिझेल वाचवण्यात गेल्या तीस वर्षांत त्यांचा हात कुणी धरला नव्हता. अ‍ॅव्हरेजच्या फळ्यावर दर महिन्याला पहिलं नाव त्यांचंच, म्हणून नव्या ड्रायव्हरांना तयार करायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. आणि तयार झालेल्यांनी त्यांचं नाव पाडलं, थेंबेमास्तर.

शिकवायचेही असे, की ऐकत राहावं. "लांबून लाल दिवा दिसला की पाय उचला. तिथे धावत जाऊन उभंच राहायचंय ना, मग घाई कसली? टायरमधली हवा रोज बघा. झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवावा, तसा अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवा." सगळं लाख मोलाचं. शेवटचा धडा मात्र ते कँटीनच्या मागे नेऊन, आवाज खाली आणून द्यायचे. "मोठा उतार लागला की इंजिन बंद. गाडी फुकटात उतरते. फक्त ब्रेकला दोनदाच पाय लावायचा. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, तेवढी हवा टाकीत असते."

नियमांच्या पुस्तकात नेमकं याच्या उलट छापलेलं होतं. पण पुस्तक लिहिणाऱ्याने जन्मात कधी बस हाकलीय का, असं म्हणून मास्तर हसायचे आणि ऐकणारेही हसायचे.

त्या दिवशी लंबूच्या पुढे लाकडं भरलेला ट्रॅक्टर होता. दोनदा ब्रेक मारून झाला, ट्रॅक्टर काही बाजूला होईना. तिसऱ्यांदा मारला. चौथ्यांदा गाडीने ऐकलंच नाही. इंजिनच बंद, तर टाकीत नवी हवा भरणार कोण? लंबूने बस डोंगराच्या बाजूला घातली, म्हणून आतल्या माणसांचं खरचटण्यावर निभावलं. दुसऱ्या बाजूला दरी होती. त्या बाजूचा विचार मास्तर मनात येऊच देत नव्हते.

"का रे खोटं बोललास?" साहेबांच्या बुटांचा आवाज विरल्यावर त्यांनी विचारलं.

"तुमच्या रिटायरमेंटला चार महिने राहिलेत, मास्तर. त्यात कशाला डाग लावून घेता? माझं काय, हा पाय आता पेडलवर जायचा नाही, असं डॉक्टर म्हणालेच आहेत."

"अरे, पण चूक तुझी ठरली तर दुसरं कामही देणार नाहीत. हाकलून देतील. पदरात दोन मुली आहेत तुझ्या."

"स्टिअरिंग हातात दिलंत तुम्ही माझ्या. कुणी उभं करत नव्हतं तेव्हा दिलंत." लंबूने डोळे मिटले. "जा आता. तुमच्या गाडीची वेळ झाली."

मास्तर जिना उतरू लागले आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं, छातीवरचा धोंडा उतरावा तसं. आणि मग त्या सुटकेचीच इतकी लाज वाटली, की मधल्या पायरीवर ते मटकन खाली बसले. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात राहिले.

संध्याकाळी घास तोंडात फिरायला लागला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, काय झालंय ते एकदा बोलून टाका. आठवडा झाला, घरात भुतासारखे वावरताय."

मास्तरांनी सगळं सांगितलं. लंबूने काय सांगितलं तेही आणि आपण कसे गप्प राहिलो तेही. तिने हातातला घास परत ताटात ठेवला.

"इतक्या वेळा बक्षिसं आणलीत. मी शेजारीपाजारी मिरवलं. पण गाडी बंद करून उतार उतरता, हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू घाबरली असतीस."

"म्हणजे घाबरण्यासारखं आहे, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

मास्तरांनी हात धुतले. जेवण तसंच राहिलं.

सकाळी ते साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा साहेब अजून टेकलेही नव्हते.

"लंबूचा कागद फाडा, साहेब. ते मी शिकवलंय."

साहेबांनी आधी दार लावून घेतलं. "मास्तर, कशाला नसती बला ओढवून घेता? तो कबूल झालाय. तुमचा सत्कार ठरलाय."

"सत्कार कसला करताय? माझं ऐकून तो जन्माचा अधू झाला. लिहून घ्या, नाहीतर मी वरच्या साहेबांकडे जातो."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि कोरा कागद पुढे सरकवला. मास्तरांनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिलं आणि सही केली.

"लंबूला बसून करायचं काम मिळेल, ते बघतो मी," साहेब म्हणाले. "पण तुमच्या हातात आता गाडी देता येणार नाही. आजपासूनच."

"ते धरूनच आलोय. फक्त सकाळच्या पाळीतल्या सगळ्यांशी दोन शब्द बोलू द्या. एकटाच बोलेन."

डेपोच्या पटांगणात ड्रायव्हर जमले. पहिल्या बसमध्ये प्रवासी बसलेलेही होते, खिडक्यांतून बघत होते. मास्तर पायरीवर वगैरे चढले नाहीत, त्यांच्यातच उभे राहिले.

"मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली," ते म्हणाले. "उतारावर इंजिन बंद करायचं नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि पाय उचलायचा. वर्कशॉपच्या फोरमनला मी आज पहिल्यांदा विचारलं. तो म्हणाला, पाय उचलला की आताच्या गाड्या उतारावर डिझेल घेतच नाहीत. म्हणजे आपण वाचवत काहीच नव्हतो. लंबूचा पाय गेला तो उगाच." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "आता खरं सांगा. साहेब इथे नाहीत. कोण कोण बंद करतं?"

जो तो आपल्या पायांकडे बघत होता.

मास्तरांनी स्वतःचा हात वर केला.

मागच्या रांगेतून एक हात वर आला. त्याच्या शेजारचा आला. मग गेल्याच महिन्यात रुजू झालेल्या बाईंचा, ज्यांना मास्तरांनी सर्वांत मन लावून शिकवलं होतं. मग डावीकडून, उजवीकडून, हात येतच राहिले. पहिल्या बसचा ड्रायव्हर तेवढा राहिला होता. त्याने वळून आपल्या बसच्या खिडक्यांतले चेहरे पाहिले आणि मग त्यानेही हात वर केला.

"घ्या, खाली घ्या हात," मास्तर म्हणाले. सगळ्यांनी घेतले. त्यांना स्वतःचा काही खाली घेता येईना.