दीड किलोचा घोटाळा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. शाळेला लागून असलेल्या दवाखान्यात, खिडकीखाली माझी जागा. कारखान्यात माझ्यावर वीस किलोचं वजन ठेवलं आणि माझा काटा बरोब्बर वीसवर थांबला, तेव्हा कारागीर म्हणाला होता, "हा खोटं बोलायचा नाही!" त्या शाबासकीवर मी कितीतरी वर्षं ताठ उभा होतो. पण एकदा माझ्या साक्षीनं मोठीच चूक खपून गेली असती.

झालं असं, की एक पावडरवाले डॉक्टरांकडे आले. "तीन महिने द्या, मुलं गुटगुटीत होतील," म्हणाले. डॉक्टरांनी आईवडिलांना विचारून साठ मुलांना पावडर सुरू केली. तीन महिन्यांनी सिस्टरनी पुन्हा वजनं घेतली. सरासरी दीड किलो वाढ! डॉक्टर हरखले आणि लेख लिहायला बसले. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "मग मधल्या सुट्टीतली अंडी आणि फळं बंदच करू. पावडर देऊ." मीही फुशारलो.

तेवढ्यात डॉक्टरांच्या ताई पाहुण्या आल्या. इतरांचं संशोधन तपासणं हेच त्यांचं काम. लेख वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अरे, पावडर न घेतलेली मुलं किती वाढली?"

"ती कुठे मोजली, ताई?"

"मग ही पावडरीनंच वाढली कशावरून? या वयात मुलं तशीही वाढतातच की! आणि इथे चाळीसच नावं आहेत. बाकीची वीस?"

"त्यांची पोटं बिघडली. मधेच सोडली त्यांनी," डॉक्टर पुटपुटले.

"म्हणजे ज्यांना सोसली तेवढीच मोजलीस! सिस्टर, वजनं कशी घेतलीत?"

सिस्टर ओशाळल्या. "पहिली उकाड्यात, सकाळी, अनवाणी. दुसरी ऐन थंडीत, जेवणं झाल्यावर. स्वेटर, बूट, सगळं अंगावर."

ताई खो खो हसल्या. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्यावर कुणीच नव्हतं, तरी काटा शून्याच्या तीनशे ग्रॅम पुढे! पहिल्या वजनांनंतर भिंत रंगवताना मला ओढलं होतं, तेव्हापासूनच मी बिघडलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांचं तोंड उतरलं, पण त्यांनी लेख बाजूला ठेवला. मला दुरुस्त केलं. मग नवी मुलं घेऊन, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला खरी पावडर, दुसऱ्याला तशाच रंगाची, तशाच चवीची साधी भुकटी. कोणत्या डब्यात काय, हे फक्त ताईंना ठाऊक. कुणी मधेच सोडलं तरी नाव खोडायचं नाही. वजन सकाळीच आणि अनवाणीच.

तीन महिन्यांनी ताईंनी गुपित फोडलं. दोन्ही गट जवळजवळ सारखेच वाढले होते! अंडी आणि फळं वाचली.

पावडरवाले धावत आले. "डॉक्टर, हे छापू नका हो!"

"लागू पडली असती तर छापलं असतं ना? मग नाही पडली, तेही छापणार," डॉक्टर म्हणाले. आपली पहिली चूकसुद्धा त्यांनी त्या लेखात लिहून टाकली.

मित्रांनो, आता दवाखान्यात आकडे दाखवणारा नवा काटा आलाय. मी कोपऱ्यात असतो. तुम्हाला एवढंच सांगणं आहे: अमुक खाल्लं की ताकद येते, असं कुणी म्हणालं तर खुशाल विचारा, कुणाला दिलं, कुणाशी ताडून पाहिलं, मधेच कोण गळलं? विचारल्यानं कुणी लहान होत नाही. त्या लेखानंतर डॉक्टरांचं वजन गावभर वाढलं, आणि ते मोजायला मी काही पुरा पडलो नाही!