शनिवारच्या पोळ्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पोळ्यांचा डबा आहे. स्टीलचा, गोल, वीतभर रुंद, वर कडीचे झाकण. एका जागी स्वस्थ बसणे मला जन्मात जमलेले नाही. शेजारून कोणी पाय आपटत गेले तरी मी वाजायचो. सध्या मात्र मी एका जुन्या, छापील सुती फडक्यात गुंडाळलेला आहे आणि माझ्या पोटात पोळ्यांऐवजी खडेमीठ आहे. हे असे का झाले, ते तुम्हांला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात झाला. पत्र्याची एक चकती होती, तिला प्रेसखाली दाबून आकार दिला, चाकावर घासून चकचकीत केले. विभावरीच्या आईने मला लेकीच्या संसारासाठी निवडले. दुकानदाराने विजेच्या सुईने माझ्या पोटावर ‘सौ. विभावरी सुजीत टिपणीस’ असे कोरले, तेव्हा मला इतक्या गुदगुल्या झाल्या की मी गल्ल्यावर गडगडलो. मग विमानाने आम्ही शारजाला आलो. आठव्या मजल्यावरचे घर, समोर तसेच आठ मजल्यांचे दुसरे घर.

विभावरी दुबईत एका शिपिंग कंपनीत नोकरी करते. गाड्यांच्या रांगेत अडकायला नको म्हणून ती सहाच्या आधी घर सोडते आणि संध्याकाळी त्याच रांगेत अडकून परत येते. तरी पोळ्या ती स्वतःच लाटायची. एकदा मी तिच्या हातून फरशीवर पडलो आणि माझी कडी तुटली. सुजीत शीतगृहे बसवणाऱ्या कंपनीत आहे, त्यांचे वर्कशॉप इंडस्ट्रियल एरियात. तिथल्या वेल्डरला ट्रकचे दरवाजे जोडायची सवय. त्याने मलाही ट्रकला शोभेल असा रिव्हेट ठोकला. तेव्हापासून माझे झाकण कधी नीट बसले नाही. जरा हललो की टिणटिण, टिणटिण. विभावरी हसून म्हणायची की आता हा हरवणार तरी नाही.

तिच्या माहेरी एक रीत होती. पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची. आठव्या मजल्यावर ना गाय, ना कुत्रा. तरी रीत मोडवेना, म्हणून ती रोजच्या दोन पोळ्या बाजूला काढून फ्रीझरमध्ये ठेवायची. आठवड्याच्या चौदा पोळ्या झाल्या की करायचे काय, हा प्रश्न उरायचाच.

तो प्रश्न सुजीतच्या कामामुळे सुटला. शारजाबाहेर धैद गावाच्या रस्त्याला एका शेतावर त्याने खजुरासाठी शीतगृह बसवले. शेताचा मालक भला माणूस. त्याला सगळे अरबाब म्हणतात. तो म्हणाला, सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन येत जा, मोकळी हवा आहे. झाले. थंडीतल्या दर शनिवारी आम्ही निघू लागलो. पुढे सुजीत आणि विभावरी, मागे दहा वर्षांची शुभ्रा, आणि तिच्या मांडीवर मी, पोटात चौदा पोळ्या घेऊन सबंध रस्ताभर वाजत.

शेताच्या टोकाला तारेच्या जाळीचे कुंपण होते. आत चाळीसेक बकऱ्या आणि त्यांचा राखणदार अहमद. साठीचा, थरच्या वाळवंटातून आलेला, वीस वर्षे याच शेतावर. कुंपणाच्या कोपऱ्यात घाफचे झाड होते. अहमद त्याला खेजडी म्हणायचा, विभावरी म्हणायची, अरे ही तर आपली शमी. त्याच सावलीत ती माझे झाकण उघडायची. गाय नव्हती, म्हणून गाईच्या सात पोळ्या जाळीतून बकऱ्यांना. आणि जाळीच्या बाहेर, वाळूवर, कुत्र्यांच्या सात.

पहिल्यांदा दोनच कुत्री आली. त्यातली एक तपकिरी, एक कान फाटलेली, गळ्यात विटका निळा पट्टा. कोणीतरी देश सोडून जाताना तिला शेताजवळ उतरवून गेले असणार. शेतावर मजेत राहील, असे त्यांना वाटले असेल. शुभ्राने तिचे नाव बिस्किट ठेवले. पुढच्या शनिवारी चार आली, मग सहा, मग नऊ. माझे टिणटिण ऐकले की एका बाजूने बकऱ्या धावत येत, दुसऱ्या बाजूने कुत्री, आणि मधे फक्त जाळी. सगळ्यांत पुढे राणी नावाची काळी बकरी, अहमदची लाडकी. शुभ्रा टाळ्या पिटायची. सुजीत फोटो काढायचा. आणि मित्रांनो, मी फुगायचो. मी वाजलो की रान गोळा होते, असे मला वाटायचे.

अहमदने एकदा सांगून पाहिले होते. मालकाच्या पाहुण्याला किती बोलायचे, म्हणून अगदी हळू म्हणाला, “मॅडम, कुत्ते को दूर डालो. बकरी के पास नहीं.” विभावरीने मान हलवली. पण दूर ऊन होते आणि सावली इथेच होती, त्यामुळे ते राहून गेले. आणखी एक गोष्ट राहून गेली होती, ती मला फार उशिरा कळली. त्या चौदा पोळ्यांत अहमदची एकही नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी शमाल सुटला. इकडे उत्तरेकडून येणाऱ्या त्या वाऱ्यात इतकी वाळू असते की डोळे उघडवत नाहीत. सगळे घाईघाईने गाडीत बसले आणि मी जाळीच्या तारेला अडकवलेलाच राहिलो. गाडी वळली, दिसेनाशी झाली. मी रिकामा, लोंबकळत.

रविवारी कुत्री आली. बिस्किटने मला हुंगले, चाटले आणि माझ्याखाली बसून राहिली. सोमवारी नऊच्या नऊ येऊन बसली. आजवर मला शनिवारच ठाऊक होता, मित्रांनो. बाकीचे सहा दिवस मी पहिल्यांदाच पाहत होतो. कुत्र्यांच्या पोटात काही नाही आणि नजर जाळीच्या आतल्या बकऱ्यांवर. पोळीची वाट पाहता पाहता ती वाळू उकरत होती. जिथे विभावरी पोळ्या टाकायची, तिथेच जाळीखाली खळगा पडत चालला होता. अहमद काठी घेऊन धावायचा, दगडांनी खळगा बुजवायचा. कुत्री लांब जायची, तो वळला की पुन्हा हजर. मला सगळे दिसत होते आणि काही करता येत नव्हते. चार दिवस मी नुसता तडफडत होतो.

बुधवारी दुपारी पाण्याचा टँकर आला. अहमद शेताच्या पार पुढच्या फाटकाशी गेला. तेवढ्यात वारा पुन्हा उठला, माझे झाकण हलले आणि मी वाजलो. टिणटिण, टिणटिण.

आधी बकऱ्यांनी ऐकले. डबा उघडला असे समजून सगळ्या कोपऱ्याकडे धावत आल्या. पुढे राणी, दिवस भरत आलेले जड पोट सांभाळत. बाहेरून कुत्री धावली. काळा कुत्रा खळग्यातून आत शिरला, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. आत घुसलेल्या कुत्र्यांना पाहून बकऱ्या पळाल्या आणि पळणारे दिसल्यावर कुत्री त्यांच्या मागे लागली. दोन-तीन कुत्र्यांना तर तो खेळच वाटत असावा, त्यांच्या शेपट्या हलत होत्या. बकऱ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या. जाळीला धक्के बसत होते, आणि दर धक्क्याला मी वाजत होतो. गप्प बस, गप्प बस, असे मी स्वतःला सांगत होतो. पण झाकण माझ्या हातात नव्हते.

अहमद ओरडत येईपर्यंत तीन बकऱ्या गेल्या होत्या. एक चाव्याने, दोन चेंगरून. राणीच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पण पळण्याचा धसका तिच्या पोटात गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला दोन पिल्ले झाली, दोन्ही मेलेली. राणी त्यांना बराच वेळ चाटत होती. अहमद तिच्याशेजारी बसून होता. मी पुरता बारा वर्षांचा डबा, पण त्या सकाळी आपण भाईंदरच्या प्रेसखालीच चेपलो असतो तर बरे झाले असते, असे मला वाटले.

गुरुवारी अरबाब आला. तो ओरडला नाही. म्हणाला, रविवारपर्यंत कुत्री गेली पाहिजेत, नाहीतर उरलेल्या बकऱ्या विकून टाकतो, खलास. बकऱ्या गेल्या की अहमदचे कामही गेले आणि हातांनी वाढवलेला कळपही. प्राणी पकडणाऱ्या पथकाने पिंजरे आणून लावले, आत कोंबडी ठेवली. पण या कुत्र्यांनी माणसांचे बरेच अनुभव घेतले होते. ती पिंजऱ्याला लांबून वळसा घालून निघून गेली. शेजारच्या शेतावरचा एक जण विष घातलेले मांस देऊ म्हणाला. अहमदने ते घेतले नाही. त्याने मला तारेवरून काढले, पोटावरच्या नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि सुजीतला फोन लावला.

शनिवारी विभावरी आली ती रडतच. तिला तीन कबरी दिसल्या, बुजवलेला खळगा दिसला, लांबच्या शेडच्या तोंडाशी मान खाली घालून उभी असलेली राणी दिसली. ती अहमदला म्हणाली, “मुझे माफ करो, चाचा. मुझे लगा मैं पुण्य कर रही हूँ.”

अहमदने मला तिच्या हातात दिले. “इनको आपने बुलाया है, मॅडम. किसी और के बुलाने से नहीं आएंगे.”

बकऱ्यांना शेताच्या दुसऱ्या टोकाच्या शेडमध्ये नेले होते. रिकाम्या वाड्याचे दार सताड उघडे ठेवले. पथकाचे दोघे दाराआड उभे राहिले. विभावरी माझ्यात पोळ्या भरून वाड्याच्या मधोमध वाळूवर बसली आणि तिने माझ्या झाकणाला हात घातला. मित्रांनो, जन्मभर न थांबता वाजणाऱ्या मला त्या क्षणी वाजायचे नव्हते. मी झाकण घट्ट धरायचा प्रयत्न केला. पण ट्रकचा रिव्हेट तो. टिणटिण झालेच.

कुत्री आली. एकामागून एक आठ जणं दारातून आत शिरली आणि पोळ्यांवर तुटून पडली. बिस्किट तेवढी उंबऱ्याशी थांबली. तिने दाराकडे पाहिले, विभावरीकडे पाहिले. विभावरीने मला पुन्हा हलवले आणि मी वाजलो. शेवटी बिस्किट आत आली. पोळी तिने घेतलीच नाही, माझ्या झाकणावर हनुवटी टेकून बसली. मागे दार लागले.

गाडीच्या काचेआडून शुभ्रा म्हणाली, “मम्मा, शी ट्रस्टेड यू.”

आणि तेवढ्यात शेताच्या दुसऱ्या टोकाकडून मोठा आवाज आला. बकऱ्यांनी माझे टिणटिण ऐकले होते. आधी ते ऐकून त्या धावत यायच्या. आता त्या शेडच्या मागच्या भिंतीवर धडका देत होत्या, एकमेकींवर चढत होत्या, लांब पळायला जागा शोधत होत्या. अहमद तिकडे धावला. मी विभावरीच्या मांडीवर होतो. तिने मला दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट दाबून धरले, मी गप्प होईपर्यंत.

बकऱ्या विकल्या गेल्या नाहीत. कुत्र्यांना शेल्टरमध्ये नेले. निघताना अहमद विभावरीला म्हणाला, डबा इथेच ठेवून जा. तिला वाटले, हा रागाने मागतोय. पण त्याने मला आपल्या जुन्या फडक्यात गुंडाळले, माझ्यात बकऱ्यांना आवडणारे खडेमीठ भरले आणि मला शेडमध्ये ठेवले. रोज सकाळी तो फडक्याची एक घडी सोडतो, झाकण बोटाने इतके हळू उघडतो की मुंगीलाही ऐकू जाऊ नये, आणि मिठाचा खडा तळहातावर धरून बसून राहतो. बाकीच्या बकऱ्या हळूहळू येऊ लागल्या आहेत. राणी येत नाही.

विभावरी अजून शनिवारी येते. सुजीतने वर्कशॉपमधली माणसे आणून जाळीचा पाया काँक्रीटमध्ये पक्का केला. आता विभावरी गाडीतून उतरली की आधी अहमदकडे जाते आणि विचारते, काय हवे, काय नको. पहिली पोळी फॉइलमध्ये गुंडाळून त्याच्या हातात देते. तो म्हणतो की ही थोडी पातळ आहे, आमच्याकडची जाड असते, आणि सगळी संपवतो. दर वेळी ती शेल्टरला फोन करते. सातांना घरे मिळाली. काळ्या कुत्र्याला आणि बिस्किटला अजून नाही. फोनवरचे ते ‘अजून नाही’ मला फडक्यातूनही ऐकू येते, आणि मग मला दिवसभर चैन पडत नाही.

मित्रांनो, भुकेल्याला घास जरूर द्या. हात आखडता घेऊ नका. फक्त देण्याआधी एवढे पाहा, की तुम्ही निघून गेल्यावर उरलेले सहा दिवस तिथे कोण राहणार आहे. त्याला एकदा विचारा. तो हळू बोलत असेल, तर कान देऊन ऐका.

आज सकाळी अहमदने झाकण उघडले, तेव्हा मी चुकून जरासा वाजलो. राणीने कान टवकारले. ती पळाली नाही. पण आलीही नाही.