अकरा नंबरची पट्टी

मी एक पट्टी बोलतेय. जखमेवरची नव्हे, डोळ्यांवरची. बाहेरून काळं कापड, आतून फलालीन आणि मागे इलॅस्टिक, एवढंच माझं रूप. पण माझी एक बाजू खोलीकडे असते आणि दुसरी माणसाच्या पापण्यांना टेकलेली, त्यामुळे दोन्हीकडची खबर मला असते. ती आजवर पोटात ठेवली. आता राहवत नाही, म्हणून सांगते.

माझा जन्म एका मोठ्या इस्पितळाच्या शिवणखोलीत झाला. तिथल्या बाई दिवसभर पडदे, चादरी आणि रुग्णांचे झगे शिवत. एके दिवशी वरून चिठ्ठी आली, डोळ्यांवरच्या बारा पट्ट्या हव्यात. "आता माणसांना आंधळी कोशिंबीर खेळवणार की काय हे लोक?" असं म्हणत बाईंनी पडद्याचं उरलेलं कापड काढलं. फलालीन चिठ्ठीत नव्हतं, ते त्यांनी आपल्या मनाने लावलं. कुणाच्या पापण्यांना टोचायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. प्रत्येकीवर पांढऱ्या दोऱ्याने आकडा घातला. माझ्या वाट्याला अकरा आला.

मला ज्या खोलीत नेलं ती पूर्वी एक्स-रेच्या जुन्या फायली ठेवायची जागा होती. आता तिथे सोफा, गालिचा, टेबलावर दिवा आणि कोपऱ्यात कुंडी होती. इस्पितळ वाटू नये म्हणून एवढा खटाटोप, पण फिनेलचा वास काही जात नव्हता. डॉक्टरबाई आणि सिस्टर अशा दोघी ती खोली सांभाळत. तिथे एका औषधाचा अभ्यास चालला होता. काही जातींच्या अळिंबीत सापडणारं द्रव्य मोजूनमापून कॅप्सूलमध्ये भरायचं आणि ज्यांच्या मनाचं दुखणं दुसऱ्या कशाने हटत नाही त्यांना द्यायचं. अशा औषधांना सायकेडेलिक म्हणतात, हे मी डॉक्टरबाईंच्या तोंडून ऐकलं. कॅप्सूल घेतल्यावर माणूस सहा तास सोफ्यावर पडून राहायचा. डोळ्यांवर आम्ही, कानात संगीत, आणि जे दिसायचं ते आतलं. एका माणसाला एकच पट्टी. माझा माणूस होता अकरा नंबरचा.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. पहिल्या दिवशी बायकोबरोबर आले तेव्हा उजवा हात खिशात होता. बोलायचं काम बायकोने घेतलं.

"डॉक्टरबाई, स्पष्टच विचारते. माझ्या नवऱ्याला नशेच्या गोळ्या देणार का तुम्ही?"

"नशेसाठी घेणारे लोक आहेत, खोटं कशाला सांगू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कित्येकांचं त्यात वाईटही झालंय. म्हणून तर वर्षानुवर्षं याला कुणी हात लावत नव्हतं. इथे मोजून देतो, दोघी बाजूला बसतो. गुण येईलच असं वचन मात्र देत नाही."

"ह्यांनी सहा वर्षांत माझा हात हातात घेतलेला नाही," ती एकदम म्हणाली, आणि मग परक्यांपुढे असं बोलून गेल्याचं तिला कसंतरी झालं.

सहा वर्षांपूर्वी मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ एका इमारतीत काम करत होते. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते, तिच्या तोंडाशी टाकलेली फळी मोडली. भाऊ खाली लोंबकळला. मिस्त्रींनी उजव्या हाताने त्याचा हात धरला, पण दोघांचेही हात ग्रीसने माखलेले. तो निसटला. तेव्हापासून त्या हाताने मिस्त्री जेवत, पान्याने नट आवळत, बटणं लावत. पण तो हात कुणाच्या हाती देत नसत. गोळ्या झाल्या, समुपदेशक झाले. झोप नाही ती नाहीच.

औषधाआधी सिस्टरने एक कागद पुढे ठेवला. त्यात एक प्रश्न होता. सत्र चालू असताना आधारासाठी हात धरलेला चालेल का?

"नीट विचार करून खूण करा, मिस्त्री," सिस्टर म्हणाली. "आत्ता जे लिहाल तेच खरं. आत्ता 'हो' लिहून मग नको म्हणालात, तर लगेच सोडू. पण आत्ता 'नाही' लिहिलंत आणि औषध चढल्यावर हात मागितलात, तर देणार नाही. त्या वेळी माणूस स्वतःच्या ताब्यात नसतो, म्हणून हा नियम."

मिस्त्रींनी 'नाही'वर अशी खूण केली की पेनाने कागद फाटला.

"हे औषध नक्की करतं काय?" त्यांनी पेन ठेवत विचारलं.

"आत घेऊन जातं. कुठे, ते आम्हालाही सांगता येत नाही."

"म्हणजे बटणं नसलेली लिफ्ट," मिस्त्री म्हणाले. सिस्टर हसली. त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिली थट्टा.

सत्राच्या दिवशी सकाळी त्यांनी कॅप्सूल घेतली, वर पाणी प्यायले आणि सोफ्यावर आडवे झाले. सिस्टरने मला त्यांच्या डोळ्यांवर बसवलं. पहिल्यांदा कळलं की या माणसाच्या पापण्या मिटल्यावरही पहारा देतात. तासाभराने त्या सैल पडल्या. त्यांना आत काय दिसत होतं ते मला ठाऊक नाही, मी काही तिथवर पोचत नाही. पण पापण्यांखाली डोळे धावत होते आणि श्वास जिना चढल्यासारखा चालला होता.

मग त्यांचा उजवा हात उचलला गेला. सोफ्याबाहेर, हवेत, बोटं ताणलेली.

"हात दे," मिस्त्री म्हणाले. "हात दे रे." थोड्या वेळाने आवाज फुटला. "कुणीतरी धरा!"

सिस्टर उठली होती. तिचा हात पुढे आला आणि थांबला. तिने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी मान हलवली, नाही. सिस्टर गुडघ्यांवर बसली आणि त्यांच्या कानाशी म्हणत राहिली, "मी इथेच आहे, मिस्त्री. बाजूलाच आहे. इथेच आहे." भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली. तेवढा वेळ तो हात तसाच हवेत होता. मग तो खाली पडला. माझं फलालीन इतकं भिजलं की मला स्वतःचंच ओझं झालं.

संध्याकाळी मिस्त्री घरी गेल्यावर सिस्टर मला धुवायला बसली आणि रडू लागली.

"तू बरोबर वागलीस," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बरोबरच वागले. त्याचंच तर वाईट वाटतंय."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलायला आले. औषधानंतर माणसाला काय दिसलं त्याविषयी सावकाश बोलायचं असतं. मला दोरीवर वाळत घातलं होतं.

"मला वाटलं, तो खाली दिसेल," ते म्हणाले. "पण तो वर होता. फळीवर मजेत उभा. खाली मी होतो. सहा वर्षं समजत होतो की माझ्या हातून तो सुटला. काल कळलं, मीच अजून तिथे लोंबकळतोय."

सिस्टरने मान खाली घातली. "तुम्ही हात मागितलात. मी दिला नाही."

"तुमची काय चूक? खूण मीच केली होती ना." मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्या डोसला नवा कागद असतो का?"

असतो. दुसरा डोस सहा आठवड्यांनी होता. मिस्त्रींनी त्याच दिवशी कागद मागून घेतला आणि 'हो'वर खूण केली, या वेळी हलक्या हाताने. खाली गरज नसताना सहीसुद्धा केली. पुढच्या भेटीला आले तेव्हा हात खिशाबाहेर होता. बायकोला आनंद लपवता येत नव्हता. "काल रात्री चार तास झोपले," ती सिस्टरला कुजबुजून सांगत होती. मीही खुळी, दिवस मोजत बसले. एकदाचा तो हात कुणाच्या तरी हातात पडला की माझं काम झालं, असं मला वाटायचं.

चौथ्या आठवड्यात सगळं बंद पडलं. दुसऱ्या कुठल्याशा शहरात, अशाच एका खोलीत, एका बाईने 'नाही' लिहिलं होतं. तिच्यापाशी बसायला नेमलेल्या माणसाने ते जुमानलं नाही. ती शुद्धीत नसताना त्याने तिला जवळ ओढलं. पेपरांतून ते आलं आणि यायलाच हवं होतं. चौकशी होईपर्यंत सगळीकडचे अभ्यास थांबवण्याचा हुकूम निघाला. मी त्या बाईच्या पट्टीचा विचार करते. तिला सगळं कळलं असेल आणि ओरडता आलं नसेल. थांबवणं चूक नव्हतं. पण तिच्यावर झालेल्या अन्यायात आमच्या मिस्त्रींचं 'हो'देखील बुडालं. दुसरी कॅप्सूल कुलपातल्या कुलपात राहिली.

फोन करून कळवलं होतं, तरी ठरल्या दिवशी मिस्त्री बायकोबरोबर आले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. "म्हटलं, तुमचं मन बदललं असेल तर," ते म्हणाले.

सिस्टरने फाइलमधून तो कागद काढला. "औषध नाही देता येत, मिस्त्री. पण हे 'हो' तुम्ही पूर्ण शुद्धीत लिहिलंय. देऊ हात?"

मिस्त्रींचा हात पुन्हा खिशात गेलेला होता. मनगटापर्यंत बाहेर आला, थांबला आणि परत आत गेला.

"तसं नाही जमत, सिस्टर," ते म्हणाले. "ही पट्टी नेऊ का?"

अशी मी त्यांच्या घरी आले. निघताना सिस्टरने त्यांच्या बायकोला बाजूला घेऊन बजावलं, "ताई, हात त्यांनी मागितल्याशिवाय धरायचा नाही. आपणहून मागतील तेव्हाच." ताईंनी ते अगदी मनावर घेतलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. अभ्यास पुन्हा सुरू होणार असं मधूनमधून ऐकू येतं आणि विरून जातं. झोप चार तासांवरून पुन्हा दोनावर आली आहे. मी पान्यांच्या खणात राहते, अंगाला तेलाचा वास लागलाय. रोज दुपारी मिस्त्री मला काढतात, खाटेवर आडवे होतात, रेडिओ बारीक लावतात आणि मला डोळ्यांवर ओढून घेतात. औषध नाही. तरी थोड्या वेळाने उजवा हात खाटेच्या कडेबाहेर येतो, तळवा वर करून.

मग ताई येतात. पायांत चप्पल नसते. स्टूल सरकवून बसतात आणि आपला हात त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर धरतात. शिवत नाहीत. मागायची वाट बघतात. आणि मिस्त्री मागत नाहीत, कारण त्यांना वाटतं खोलीत कुणीच नाही. मला दोन्ही बाजूंचं कळतं. बाहेर ताईंचा हात तसाच धरलेला असतो आणि आत मिस्त्रींच्या पापण्या ओल्या होतात. दोघांच्या मध्ये मीच आहे.

पाऊण तासाने ताईंचा दंड भरून येतो. त्या उठून चहाला जातात. मिस्त्री मला काढतात, इकडेतिकडे बघतात.

"हे स्टूल इथे कुणी आणलं?"

"झाडायला सरकवलं होतं हो," आतून उत्तर येतं.

अहो मिस्त्री, भर दुपारी कोण झाडतं? एवढी मोठाली यंत्रं उलगडणारे तुम्ही, आणि रोजचं एक स्टूल तुम्हाला उलगडत नाही!

माझं आता वय झालं. फलालीन झिजलं, अकराचा एक आकडा उसवून गेला. इलॅस्टिक इतकं सैल पडलंय की काल मी जवळजवळ नाकापर्यंत घसरले होते. अजून बोटभर घसरले असते, तर त्यांना ताई दिसल्या असत्या. पण त्यांनी मला पुन्हा वर ओढलं.

आज सकाळी ताई सुईदोरा घेऊन बसल्या. मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हिला नवं इलॅस्टिक लावून देते. किती घसरते ही."

ताई, नका लावू.