देवाच्या रथाला घोंगडी

"सरका, सरका! देव निघाला!"

पारासमोर अख्खी वाडी लोटली होती. दसरा झालेला, दोन दिवसांत ऊसतोडीची टोळी ट्रकात बसणार. पण त्याआधी गतिनाथ बाबांचा रथ टोळीतला अपशकुनी माणूस शोधून देणार होता. हातभर लांबीचा, चांदीच्या पत्र्याने मढवलेला रथ. ना बैल, ना दोरी, आणि गडी आपला तुरुतुरु चालतोय! बायकांनी हात जोडले, म्हाताऱ्यांनी गालात मारून घेतलं. मी भागवत, पाथर्डीच्या स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. खोटं कशाला बोलू, माझाही क्षणभर आ वासला.

"इंजिन न्हाई, डिझेल न्हाई! नुसत्या नामावर चालतो!" बाबा गरजत होते. "याला ऊन बाधत न्हाई, आग बाधत न्हाई! अमेरिकेचे शास्त्रज्ञ पाया पडून गेले!" अमेरिकेचे शास्त्रज्ञ कधी आले, कोणत्या एसटीने आले, हे कुणी विचारलं नाही.

पाच मिनिटं चालला की रथ थांबवायचे. "देव दमला," म्हणत बाबा कळसाखालच्या भोकांवर मोरपिसांनी वारा घालायचे. आग न बाधणारा देव, आणि अर्ध्या गल्लीत धापा टाकतो! शिवाय कळसावर साधा हारसुद्धा घालू देत नव्हते.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण रथ कुणापुढे थांबणार हे मला पक्कं ठाऊक होतं. दगडाबाईपुढे. विधवा बाई, भावाबरोबर तोडीला जायची. गेल्या हंगामात टोळीतली एक पोर बाळंत झाली आणि मुकादम श्रीमंतने तिला चौथ्याच दिवशी उसाच्या फडात उभं केलं. दगडाबाईने कोयता टाकला आणि त्याला चारचौघांत फैलावर घेतलं. पुढे दोन बैल मेले, एक ट्रॅक्टर उलटला. मुकादमाने तेवढंच धरून कुजबुज उठवली, आणि या बाबालाही त्यानेच आणलं. रथ तिच्यापुढे थांबला की ती टोळीतून बाहेर, आणि वाडीतूनही. मग खायचं काय? माझं डोकं नुसतं तडकलं होतं.

"भागवतदादा, वास येतोय का?" शेजारून यशोधराबाई हळूच म्हणाल्या. या आमच्या हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाई. "तापलेल्या ट्रान्झिस्टरचा?"

येत होता! आदल्या वर्षी त्यांच्या वर्गाने रिमोटवर पळणारी मोटार बनवली होती, सोल्डरिंग माझं. आम्ही शहाण्यांनी सगळं डब्यात गच्च कोंबलं, मोटरची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर स्पंजावर चिकटवला. सावेडीच्या विज्ञान-प्रदर्शनात पाच मिनिटांत गाडी ठप्प. आतली उष्णता जाणार कुठे? मग ट्रान्झिस्टर ॲल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूने आवळला, डब्याला भोकं पाडली, तेव्हा कुठे पळाली.

"ओरडू का?" मी विचारलं.

"ओरडून कोण ऐकतंय? आपण मान देऊ."

बाई पुढे झाल्या. "बाबा, वाडीच्या रितीप्रमाणे देवाला घोंगडी पांघरायचा मान राहिलाच की!"

"व्हय की! घोंगडीबिगर कसला कौल?" म्हातारी चांगुणा कडाडली आणि घरातून काळी घोंगडी घेऊनच आली.

बाबा गडबडले. "नगं, नगं! देवाला उकडंल!"

"पण आगसुद्धा बाधत नाही ना?" बाईंनी विचारलं. लोक खो खो हसले. चाकं तेवढी मोकळी ठेवून घोंगडी चारी बाजूंनी घट्ट गुंडाळली गेली.

रथ निघाला, थेट दगडाबाईच्या रोखाने. ती भावाचा दंड धरून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. मजा बघायला मुकादम तिच्या पुढ्यात सरकला होता. त्याच्या पायापाशी येऊन रथ गचकला आणि थांबला, तो थांबलाच.

"अगं बया!" चांगुणा ओरडली. "अपशकुनी मुकादमच हाय!"

"आरं, रेट की म्होरं!" मुकादम बाबाच्या चेल्यावर खेकसला. "ये म्हातारे, गप! त्याची वायर जळाली असंल!"

"कशाची वायर, मुकादम?" बाईंनी विचारलं.

मुकादमाने जीभ चावली. मी घोंगडी ओढली, कळस उचकटला. आत बॅटरी, मोटर, आणि कापसात नुसत्या चिकटपट्टीने डकवलेला ट्रान्झिस्टर. बोट लावलं तर चटकाच बसला. चेल्याच्या शालीखालून रिमोट निघाला. बाबांनी जीप गाठली. नामावर न चालणारी ती जीप डिझेलवर मात्र फार जोरात पळाली.

बाईंनी पारावर उभं राहून एकेक भाग दाखवला. "वारा घालत होते ते देवाला नव्हे, या तापणाऱ्या ट्रान्झिस्टरला. बैल कशाने मेले ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, ट्रॅक्टर का उलटला ते मिस्त्रीला विचारा. रथाला काय विचारता?"

माणसं ओशाळली. चांगुणा दगडाबाईजवळ गेली. "चल बाई टोळीत. तुझ्यावं काय बी दोस न्हाई, आमाला कळलं."

दगडाबाई तिच्याकडे बघत राहिली. "आन् त्यो तापला नसता, माझ्याम्होरं थांबला असता, तर?"

चांगुणा खाली मान घालून घोंगडीची घडी घालू लागली. वाचकहो, प्रत्येक वेळी घोंगडी हाताशी नसते आणि प्रत्येक भोंदूचं यंत्र वेळेवर जळत नाही. म्हणून युक्ती सापडायची वाट बघू नका. माणसाकडे बोट करायच्या आधीच डोकं चालवा.