शांत स्वभावाचा कुत्रा

थोरली दाराआड उभी राहिली आणि तिने किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. पलीकडच्या खोलीत कुत्रा तिच्याकडे पाठ करून बसला होता. त्याचा कानही हलला नाही. तिने शिट्टी वाजवली. मग ताटलीवर चमचा आपटला. शेवटी तिने ताटली तशीच हातात धरली आणि दाराला टेकून उभी राहिली.

दुपारी आई घरात एकटी असताना शेजारीण येऊन गेली होती. संध्याकाळी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "बेल दाबून दाबून बोट दुखलं बाई माझं. तुमचा कुत्रा खिडकीतून दिसत होता, पण ढिम्म! राखणीला आणलाय की शोभेला?"

थोरली रुग्णालयात कान तपासायचं काम करत असे. बोलता न येणाऱ्या तान्ह्या मुलांचेसुद्धा. मुलाच्या मागून आवाज करायचा. पण सावली पडू द्यायची नाही, जमिनीला हादरा बसू द्यायचा नाही. नाहीतर मूल त्यानेच वळतं आणि आईबाप आनंदाने म्हणतात, बघा, ऐकू येतंय की! घरात कोणी चाललं की कुत्राही असाच वळायचा. आठवडाभर तीही त्या आईबापांसारखीच खूश होती. याच्यासारख्या पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांत जन्मजात बहिरेपण जास्त आढळतं, हे तिने वाचलेलं होतं. वाचलेलं सगळं वेळेवर आठवतंच असं नाही.

कुत्रा हवा होता तो आईसाठी. कानात यंत्र घालूनही आईला दारावरची चाहूल लागत नसे. गेल्या वर्षी ती स्वयंपाकघरात असताना कोणीतरी घरात शिरलं आणि कपाट उपसून गेलं. तेव्हापासून थोरली कामावर गेली की आई धाकटीकडे बसायची. कोणी आलं की भुंकत आईकडे धावणारा कुत्रा मिळाला, की आपल्या घरी राहायचं, असं ठरलं होतं. "तिच्याकडे मी पाहुणीसारखी बसते गं," आई म्हणायची. "उशीसुद्धा विचारून घेते."

थोरलीने आधी कुत्रे दत्तक देणारं दुसरंच एक केंद्र निवडलं होतं. तिथल्या बाईंनी तिला सगळे कुत्रे दाखवले, मागचं अंगणही. घरी येऊन त्या आईशी बोलल्या, दार बघून गेल्या. म्हणाल्या, "बेलला प्रतिसाद देणारा कुत्रा निवडून, शिकवून देऊ. चार-पाच महिने लागतील. घाई असेल तर आमच्याकडे येऊ नका."

"अगं ताई, कुत्रा बघतेयस की जावई?" धाकटी हसली होती. "माझ्या ओळखीचं केंद्र आहे. मी रविवारी जाते तिथे मदतीला. आज गेलो की आज मिळेल."

आणि मिळाला. पुढच्या खोलीत, सोफ्यावर, नुकताच न्हाऊ घातलेला. आतल्या बाजूला बाकीचे कुत्रे भुंकून गोंधळ घालत होते आणि हा गाढ झोपला होता. "बघ, किती शांत स्वभाव!" धाकटी म्हणाली होती.

थोरलीने ताटली ठेवली आणि धाकटीला फोन लावला.

"त्याला ऐकू येत नाही. तुला माहीत होतं?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. "हळूहळू कळेलच, असं तिथले म्हणाले. कोणी घेत नव्हतं गं त्याला."

"म्हणून मला दिलात?"

"तू परत करणार नाहीस, ठाऊक होतं मला. तुझा स्वभाव..."

"आई दिवसभर एकटी असते."

"मग मी काय करू? आणखी पाच महिने ती रोज इथे? ह्यांना चालत नाही ताई. मलाही... जाऊ दे. आईला मात्र सांगू नकोस हं."

थोरलीने फोन ठेवला. धाकटीला लहानपणी चालायला तिनेच शिकवलं होतं, बोट धरून, याच खोलीत.

दुसऱ्या दिवशी ती कुत्र्याला घेऊन धाकटीच्या ओळखीच्या केंद्रात गेली. तिथला माणूस जराही गडबडला नाही. "बदलून देतो की. भुंकणारा हवाय ना? आत्ता नेता?"

"आणि याचं काय करणार?"

"ते आम्ही बघू." तो पट्टा घ्यायला पुढे झाला.

त्याच्यामागचं दार अर्धवट उघडं होतं. आत एकावर एक पिंजरे रचलेले होते. कुत्र्याने तो वास ओळखला असावा. तो जमिनीला चिकटून मागे सरकू लागला. थोरलीने त्याला उचललं आणि परत आणलं.

पहिल्या केंद्रातल्या बाईंना तिने सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आता दोन कुत्र्यांचं जमतंय का तेही पाहावं लागेल. आणखी वेळ लागेल. तिने बिनपगारी रजा टाकली. "साचली होती," असं आईला सांगितलं.

रविवारी सकाळी आई आणि थोरली मटार सोलत बसल्या होत्या. कुत्रा आईच्या पावलावर हनुवटी टेकून पडला होता. बेल वाजली. पुन्हा वाजली. मग दाराबाहेरून हाक आली, "ताई, मी आलेय गं! उघड ना!"

आईने एक शेंग सोलली, दुसरी घेतली. थोरलीचा हात थांबलेला पाहून तिने वर बघितलं.

"कोणी आलंय का?"

थोरली तिच्याकडे वळली. आईला ओठ नीट दिसतील अशा बेताने ती म्हणाली, "नाही. कोणी नाही."

आणि तिने टोपलीतून मूठभर शेंगा आपल्या पुढ्यात ओढल्या.