मुकादम सगळ्यात शेवटी

सूर्यकांतला मासे सांभाळायची हौस कधीच नव्हती. साहेबाची वस्तू घरात मिरवायची हौस मात्र दांडगी. अबुधाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत त्याच्या वरचा अमेरिकन इंजिनियर वॉल्टर कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याचा चार फुटी काचेचा टँक सूर्यकांतनं मागून घेतला आणि कंपनीच्या क्वार्टरमधल्या आपल्या हॉलमध्ये मांडला. "हजार दिरहमचा माल, म्हणजे वीस हजार रुपये, आणि मिळाला फुकट!" असं तो आल्यागेल्याला सांगायचा. टँकमध्ये पाच सनफिश होते. वॉल्टरनं एका सुट्टीवरून येताना आपल्या गावच्या तळ्यातली पिल्लं पाण्याच्या पिशवीतून आणली होती, ती आता तळहाताएवढी झाली होती. केशरी पोट, निळसर गाल, कल्ल्याशेजारी काळा ठिपका. दिसायला नवरदेव, गुण मात्र विचारू नका.

निघायच्या आदल्या दिवशी मिसेस वॉल्टरनं प्रमिलाला टँकपाशी उभं करून सगळं समजावलं. नऊ वर्षांची शुभ्रा मध्ये उभी राहून आईला मराठीत सांगत होती.

"आई, त्या म्हणतात, तळ्यात हरलेला फिश पळून जातो. इथं पळायला जागाच नाही, म्हणून मारणारा थांबत नाही. मग फाइटरला बाहेर काढायचं, हर्ट झालेल्याला नाही. सगळे स्टोन्स हलवायचे, आणि फाइटरला सगळ्यात शेवटी परत सोडायचं. त्याला वाटतं आपण दुसऱ्याच्या घरात आलोय. थोडे वीक्स तो शांत राहतो."

"थोडेच?" प्रमिलानं विचारलं.

"हो. परत जागा ओळखीची झाली की परत सुरू."

प्रमिलानं मान डोलावली. पण ऐकलेलं डोक्यात राहतं आणि हात मात्र जन्माच्या सवयीनं चालतात.

पाचातला सगळ्यात थोराड मासा पहिल्याच आठवड्यात टँकचा मालक झाला. मधल्या मोठ्या दगडाखाली त्यानं शेपटीनं वाळू उकरून खड्डा केला आणि त्या खड्ड्याच्या आसपास कुणी फिरकलं की तो तुटून पडायचा. प्रमिलानं त्याचं नाव ठेवलं मुकादम. तो आधी कल्ले फुगवून समोर यायचा, मग आडवा होऊन धडक द्यायचा, मग शेपटी धरून फाडायचा. पाण्यात खवले चमचमत खाली बसायचे. एका माशाला त्यानं कोपऱ्यात गाठून त्याचा डोळाच काढला. सूर्यकांत खुर्ची ओढून हे बघत बसायचा.

"बघ, याला म्हणतात मर्द. दाणा पडला की आधी कोण खातो बघ."

आधी मुकादमच खायचा, कारण प्रमिला त्यालाच आधी घालायची. पोट भरलं की राग उतरतो, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, आणि गरम पोळी पहिली नवऱ्याच्या ताटात वाढून वाढून तिचा हातही तसाच वळला होता. पोट भरलेला मुकादम गप्प बसला नाही. तो आणखी माजला.

डोळा गेलेल्या माशाला प्रमिलानं बादलीत घेतलं, पाण्यात चिमूटभर हळद टाकली, रोज कोळंबीचा तुकडा बारीक करून घातला. जखम भरली तसं त्याला परत टँकमध्ये सोडलं. मुकादमानं त्याला तासाभरात मारून टाकलं. दुसऱ्या माशाचंही तेच झालं. बादलीत बरा झाला, परत गेला आणि पोट फाटून वर तरंगला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची म्हणतात ती हीच गोष्ट, पण प्रमिलाला ती तेव्हा दिसली नाही. तिला वाटलं, आपण दया करतोय.

दिसायला हवी होती खरं तर, कारण तिच्या बाबतीत हे दोनदा झालं होतं. सूर्यकांतनं पहिल्यांदा तिचा दात पाडला तेव्हा ती चिपळूणला माहेरी गेली. आईनं शेकलं, खाऊपिऊ घातलं, मोठ्या मामांनी जावईबापूंची समजूत काढली आणि तिला परत आणून सोडलं. सासरी आल्या रात्री तिला आधीपेक्षा जास्त मार बसला, कारण आता तिनं घरची अब्रू वेशीवर टांगली होती. दुसऱ्यांदा मनगट मोडलं. पुन्हा माहेर, पुन्हा मामा, पुन्हा तेच. रुवैसला आल्यावर तर चिपळूणही समुद्रापार गेलं. व्हिसा नवऱ्याच्या नावावर, पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, बाहेर वाळवंट. मारून झालं की सूर्यकांत बाल्कनीत जाऊन सिगारेट ओढायचा आणि आत येऊन चहा मागायचा. एका गोष्टीच्या आधारावर ती सगळं सोसत होती. शुभ्राला त्यानं अजून हात लावला नव्हता.

जुलैतल्या एका शुक्रवारी, सुट्टीचा दिवस, सकाळी आईचा फोन आला. आदल्या दिवशी सूर्यकांतनं स्टीलचा डबा फेकून मारला होता आणि प्रमिलाचा डावा डोळा सुजून मिटला होता. आवाजावरून आईला कळलं.

"चार दिवस ये निघून," आई म्हणाली. "जखम भरू दे. मग मामा बोलतील त्यांच्याशी, आणून सोडतील."

प्रमिला फोन ठेवून वळली तर समोर बादली. बादलीत तिसरा मासा होता, फाटक्या शेपटीचा, आता जवळजवळ बरा झालेला. आज त्याला ती परत सोडणार होती. ती एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत राहिली. अगं बाई, मी या माशांना माहेरीच नेत होते की.

दुपारी सूर्यकांत जेवून झोपला. तिनं शुभ्राला हाक मारली, जाळी घेतली आणि मुकादमाला पकडलं. तो जाळीत इतका तडफडला की तिच्या बोटाला त्याचा काटा लागून रक्त आलं. बादलीतला मासा टँकमध्ये गेला आणि मुकादम बादलीत. मायलेकींनी कोपरापर्यंत हात घालून मोठा दगड उजवीकडे नेला, खड्डा बुजवला, झाडं उलटीपालटी केली. फाटक्या शेपटीचा मासा दबकत मध्यापर्यंत आला. कुणी त्याला मारलं नाही.

"इट्स वर्किंग, आई!" शुभ्रा ओरडली, आणि सूर्यकांत जागा झाला.

तो बनियन आणि लुंगीवर बाहेर आला. त्यानं टँक बघितला, बादली बघितली.

"कुणाला विचारून काढलंस त्याला?"

"अहो, तो सगळ्यांना मारतो म्हणून..."

त्यानं पुढचं ऐकलं नाही. टँकमध्ये हात घालून त्यानं फाटक्या शेपटीचा मासा मुठीत धरला, फरशीवर आपटला आणि तो उसळतोय तोवर टाचेखाली चिरडला. शुभ्रा किंचाळत त्याच्या पायाला बिलगली. त्यानं तिच्या तोंडावर उलट्या हाताची ठेवून दिली. पोर सोफ्याच्या कडेवर जाऊन आदळली आणि तिच्या नाकातून रक्ताची धार लागली.

क्षणभर तोही थबकला. मग म्हणाला, "आईसारखीच निघाली," आणि नेहमीप्रमाणे सिगारेट घेऊन बाल्कनीत गेला.

प्रमिलाला त्या वेळी भीती वाटली नाही. तिला फक्त संताप आला, इतक्या वर्षांचा एकदम. तिनं बाल्कनीचं काचेचं दार सरकवून लावलं आणि खालची कडी घातली.

बाहेर ऊन आग ओकत होतं. त्याला आधी कळलंच नाही. मग पायाखालच्या लाद्या पोळल्या तशी चप्पल नाही हे लक्षात आलं. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागला, दारावर बुक्क्या मारायला लागला. तोंड हलत होतं, शिव्या काचेतून अर्ध्यामुर्ध्याच येत होत्या. त्यानं कपडे वाळत घालायचा लोखंडी स्टँड उचलून काचेवर घातला. काचेला तडा गेला. पण काच फुटली नाही.

"शुभ्रा, नाकाला रुमाल धर आणि शहनाझ आंटीला फोन लाव. म्हणावं, काकांना घेऊन या, आत्ता."

शेजारची शहनाझ हैदराबादची, भिंतीपलीकडून सगळं ऐकून असणारी. तिचा नवरा अहमद कॉलनीच्या सिक्युरिटीत सुपरवायजर. ती दोघं यायच्या आत प्रमिलानं सोफा ओढून दाराकडे नेला, टीव्ही उचलून दुसऱ्या भिंतीला लावला, जेवणाचं टेबल आडवं फिरवलं. सूर्यकांतची खुर्ची, टँकसमोरची, तिनं जिन्यात नेऊन ठेवली. टीव्हीवर पडलेली त्याची किल्ली घेऊन तिनं कपाट उघडलं, आपला आणि शुभ्राचा पासपोर्ट काढला आणि शहनाझ दारात आली तेव्हा सगळ्यात आधी दोन्ही तिच्या हातात दिले.

शहनाझनं प्रमिलाचा डोळा बघितला, शुभ्राचा लाल रुमाल बघितला, फरशीवरचा चेंदामेंदा बघितला. "या अल्ला. बच्ची को भी?"

"भाभी, दरवाजा खोलूँ?" अहमदनं विचारलं. बाहेर सूर्यकांत आता काचेला कपाळ टेकवून तोंड उघडं टाकून उभा होता.

"आधी सगळे बसा," प्रमिला म्हणाली. "मग खोला."

शहनाझ सोफ्यावर बसली, शुभ्राला तिनं कुशीत घेतलं. अहमद टेबलाशी बसला. प्रमिला उरलेल्या खुर्चीत, बरोबर मध्ये बसली. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. मग अहमद उठला आणि त्यानं कडी काढली.

सूर्यकांत आत आला तो हात उगारूनच. दोन पावलं टाकली आणि टेबलाला आपटला. टेबल तिथं कधीच नव्हतं. तो टीव्हीच्या भिंतीकडे वळला, तिथं टीव्ही नव्हता. चार माणसं त्याच्याकडे बघत होती. उगारलेला हात तसाच हवेत राहिला, मग हळूहळू खाली आला. पायांना फोड आले होते.

"माझी खुर्ची कुठाय?" त्यानं विचारलं. आवाज बसला होता.

अहमदनं जिन्याकडचं दार उघडलं.

"सूर्यकांत भाई," अहमद म्हणाला, "नीचे गाडी खड़ी है. आज से आप बॅचलर कॅम्प में सोएंगे. बच्ची का खून मैंने अपनी आँखों से देखा है. कल ऑफिस में बात होगी. यल्ला, चलिए."

सूर्यकांतनं प्रमिलाकडे पाहिलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. चूक कबूल करणारी नव्हती, जागा हेरणारी होती. थोडे आठवडे, तिला आठवलं. मग तो परत ओळखून घेईल, मामा फोन करतील, चार माणसं समजूत घालतील. पण पासपोर्ट आता त्याच्या कपाटात नव्हते, आणि तेवढ्या दिवसांत काय काय करायचं ते तिला माहीत होतं.

"पाणी," तो म्हणाला.

प्रमिला उठली. हात सवयीनं त्याच्या स्टीलच्या पेल्याकडे गेला. पेला भरून तिनं तो आधी शुभ्राच्या ओठांना लावला.