तेविसाव्या मिनिटाची बाई

माझ्याबद्दल आजवर चारशेच्या वर लोकांनी आपलं मत लिहिलंय, आणि त्यातल्या एकालाही मी कोण ते माहीत नाही.

‘माळावरून थेट’ ही कॅसेट तुम्ही ऐकली असेल. सव्वीस वर्षांपूर्वी भवानीनगरच्या मैदानात भर दुपारी तो कार्यक्रम झाला. कुंडलिकतात्यांची धनगरी ओवी, ढोल, आणि सोबत बारामतीच्या दिग्विजयचं इलेक्ट्रिक गिटार. जसं झालं तसं टेपवर घेतलं. आता ती मोबाईलवर आलीय आणि पुण्याची पोरं तिला क्लासिक म्हणतात. तेविसाव्या मिनिटाला तिच्यात एका बाईचा आवाज येतो. ती बाई मी.

काटेवाडीला घरी मी मेथीच्या जुड्या बांधत बसले की माझी मुलगी वैष्णवी मला लोकांची मतं वाचून दाखवते. एक म्हणतो, ही कोण किंचाळतेय, सगळ्याची माती केली. दुसरा म्हणतो, नेमका तिथंच अंगावर काटा येतो. एका शहाण्याला वाटतं, तो आवाज नंतर स्टुडिओत घातलाय. एकानं लिहिलंय, बाई पिऊन आली असणार. मी उभ्या जन्मात ताकापलीकडं काही प्यायले नाही.

त्या दिवशी झालं ते असं. तात्या बाणूची ओवी म्हणत होते. ‘उजाड माळाला बाणू उभी राहिली’ इथवर आले आणि गप्प झाले. ढोल वाजतोय, गिटार वाजतंय, तात्यांचं तोंड उघडं, आणि शब्द नाही. माझ्या बापाच्या मेंढरांमागं चालून ती ओवी मला तोंडपाठ होती. बायांनी ओवीत तोंड घालायचं नाही हेही पाठ होतं. पण राहवलं नाही. मी बायांच्या घोळक्यातून पुढची ओळ दिली, ‘हाक दिली बाणूनं, कळप माघारी वळला.’ माईक लांब, म्हणून ओरडून दिली. तात्यांनी शेवटचा शब्द उचलला आणि गाणं पुढं गेलं. ओवीत म्होरक्याच्या ओळीचं शेपूट मागचे उचलतात, त्याला झील धरणं म्हणतात. त्या दिवशी म्होरक्यानं माझ्यामागं झील धरली. घरी नवरा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

गेल्या महिन्यात वैष्णवीनं एक जाहिरात दाखवली. कॅसेटची नवी, स्वच्छ आवृत्ती येणार, ‘त्या बाईचा व्यत्यय’ मशीननं काढून टाकलाय, आणि रविवारी सकाळी बारामतीच्या एका हॉलमध्ये रसिकांना ती आधी ऐकवणार. व्यत्यय हा शब्द माझ्या डोक्यात गेला. मला संताप आला, आणि संताप आला की मी घरात बसत नाही. वैष्णवीच्या स्कूटीवर मागं बसून मी हॉल गाठला.

साठ-सत्तर माणसं होती. पुढच्या खुर्चीत पटका बांधलेले तात्या. दिग्विजय आता डोक्यानं पिकलाय, पण शेंडी ठेवल्यासारखी वेणी अजून आहे. त्यानं गाणं लावलं. तेविसावं मिनिट आलं. तात्या थांबले, माझ्या जागी दिग्विजयचं नवंकोरं गिटार वाजलं, आणि मग तात्या एकदम म्हणाले, ‘वळला, वळला गं.’

टाळ्या झाल्या. दिग्विजय माईक घेऊन मतं विचारत फिरला. एकाला फार शुद्ध वाटलं. एक बाई म्हणाल्या, आता ध्यान लागतं. माईक माझ्यापर्यंत आला तेव्हा मी उभी राहिले.

“काय वळला?” मी विचारलं.

दिग्विजयला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं, तात्या म्हणतायत वळला, तर काय वळला, बैल वळला का ट्रॅक्टर वळला? मागं कुणीतरी फिस्कन हसलं. दिग्विजय म्हणाला की ती लोकगीताची शैली आहे, तिथं अर्थ शोधायचा नसतो. मी त्याच्याकडं पाठ केली आणि तात्यांसमोर जाऊन उभी राहिले.

“तात्या, तुमी थांबला का हुता?”

तात्यांनी पटका सारखा केला. मी हलले नाही. सव्वीस वर्षं ऐकून घेतलं होतं, आणखी थोडा वेळ उभं राहणं काही जड नव्हतं.

“इसरलो हुतो,” तात्या शेवटी म्हणाले. “हिनं ओळ दिली म्हणून माझी अब्रू ऱ्हायली. बाईमाणसामागं झील धरली म्हणून सांगायची लाज वाटली मला.”

मग मतं भराभर बदलली. ज्याला शुद्ध वाटलं होतं तोच माणूस जुनं रेकॉर्डिंग लावा म्हणू लागला. त्याच्या मताची मला आधी पर्वा नव्हती आणि आताही नव्हती. दिग्विजय मात्र वही घेऊन आला. म्हणाला, ताई, आवाज ठेवतो, कव्हरवर लिहितो, ‘श्रोत्यांमधील एक महिला’.

मी म्हटलं, एक महिला नाही, नाव लिहायचं. त्यानं शेजारच्या माझ्या पोरीला तिचं नाव विचारलं आणि म्हणाला, वैष्णवीची आई असं चालेल का. वैष्णवी तेव्हा जन्मलीही नव्हती.

“नकोशी,” मी म्हटलं.

त्याचं पेन थांबलं. कव्हरवर ते बरं दिसणार नाही, दुसरं एखादं नाव असेलच की, असं तो हळूच म्हणाला.

“हाय की. सासरी अनिता ठिवलंय. पर त्या दिवशी वरडली ती नकोशी. चौथी बी पोरगीच झाली, नको हुती, म्हणून बापानं ठिवल्यालं नाव हाय. बापाला नको, तुमाला बी नको. तरी मी हाय. तात्याच्या नावाएवढ्या अक्षरात लिवा.”

त्यानं लिहायला घेतलं. शेवटचं अक्षर होईपर्यंत मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत उभी राहिले.